उमरखेड, ढाणकी, बोरी अरब व्हाया समुद्र

बोटीवर मोटरसायकलही चढवता येते, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी तसा प्रसंगच आला नव्हता. आमच्या उमरखेडजवळ पैनगंगा आहे, पण तिच्यावर पूल आहे.

माझी मुलगी प्रज्ञा तेव्हा फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकत होती. तिच्या कॉलेजात मुलांना पांढरा कोट चढवण्याचा कार्यक्रम असतो आणि त्याला आजोबा पाहिजेतच, असा तिचा हट्ट. म्हणून मी, बायको संगीता आणि बाबा असे तिघं तिकडे गेलो. कार्यक्रम शुक्रवारी सकाळी होता. त्याआधी चार दिवस प्रज्ञाची परीक्षा. संगीता खोलीवर राहून तिला जेवूखाऊ घालणार होती. आम्हा दोघांचा उपयोग काय, हे कोणालाच सांगता येईना.

"तुम्ही दोघं बेटं पाहून या," प्रज्ञा म्हणाली. "तुमच्या गोष्टींनी माह्या अभ्यास होत नाही." तिनं घरमालकाची लाल मोटरसायकल मिळवून दिली. फेरी बोटीत गाडी चढवायची, पुढच्या बेटावर उतरवायची, फिरायचं, परत बोट. गुरुवारी संध्याकाळपर्यंत घरी. इतकं सोपं काम तिनं आमच्यावर सोपवलं होतं.

बाबांची ओळख करून देतो. तीस वर्षं ते ढाणकीच्या मार्केट यार्डात कापसाच्या गाड्या लावायच्या कामावर होते. बैलगाडी, ट्रॅक्टर, मेटॅडोर, कोणती गाडी कुठे घुसेल हे ते लांबून एक डोळा बारीक करून सांगत. त्यांच्या सांगण्यापुढे मोठमोठे शेतकरी निमूट गाडी मागे घेत. (मी तहसिलीत बाबू आहे. माझ्या सांगण्यानं आजवर कोणी काही मागे घेतलेलं नाही.)

समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. पायजमा वर खोचून पाण्यात गेले, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले.

"खरंच खारं हाये बे," ते म्हणाले. मग बराच वेळ पाहत राहिले. "एवढं पाणी. अन् एका एकराच्या कामाचं नाही."

बेटांची नावं त्यांच्या लक्षात राहीनात, म्हणून त्यांनी स्वतःची ठेवली. प्रज्ञाचं कॉलेज असलेलं मोठं बेट म्हणजे उमरखेड. त्यापुढचं, बाजारपेठेचं, ते ढाणकी. आणि सगळ्यात लांबचं ते बोरी अरब, कारण तिथे माझी आत्या दिलेली आहे आणि जायचं म्हटलं की बाबांना कंटाळा येतो. मला हसू आलं होतं, पण दुसऱ्या दिवसापासून मीही तेच म्हणायला लागलो. ते दोन दिवस काय सुंदर गेले. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला नारळ, आणि मागच्या सीटवरून अखंड बातमीपत्र. "कापसाची पऱ्हाटी नाही दिसत कुठी." "या बाईचं घर पाह्य, कसं सारवलं हाये." "हळू चालव, कोणाची कोंबडी हाये ते." दुपारी झाडाखाली भात, तळलेला मासा आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी. मी नोकरीला लागल्यापासून बाबांशी सलग इतका वेळ कधी बोललोच नव्हतो.

गुरुवारी आम्ही 'ढाणकी'च्या धक्क्यावर सकाळी दहालाच हजर झालो. तिथून बोटी दोन्हीकडे सुटायच्या, 'उमरखेड'लाही आणि 'बोरी अरब'लाही. 'उमरखेड'ची शेवटची बोट तीनची. म्हणजे वेळच वेळ होता. बाबांना गाडीजवळ सावलीत उभं केलं आणि मी खिडकीवर फॉर्म भरायला गेलो.

आता फॉर्म म्हणजे माझं क्षेत्र. पंचवीस वर्षं मी लोकांचे फॉर्म 'अपूर्ण आहे' म्हणून परत पाठवलेत. मी सगळ्या सूचना वाचल्या. रकाने ठळक अक्षरांत भरले. एका ठिकाणी रेघ कमी होती ती पट्टीनं मारली. खिडकीवरच्या बाईनं तो फॉर्म तीनदा परत केला. तिसऱ्यांदा गाडीचा नंबर पाहिजे होता, म्हणून मी तो पाहायला मागे वळलो, तर गाडी नव्हती. बाबाही नव्हते.

ते बोटीवर होते. बोट धक्क्यापासून चांगली वीस हात लांब गेली होती. मागच्या बाजूला गाडीवर हेल्मेट घालून बाबा बसले होते आणि मला हातानं बोलावत होते, जसं काही मी चालत येणार होतो.

"चाल ना बे," ते ओरडले. "कायले वेळ लावून राह्यला?"

झालं होतं असं (हे मला नंतर कळलं). बोटीवरचा माणूस गाड्या कशाही आडव्यातिडव्या लावत होता. ते बाबांना पाहवेना. ते पुढे झाले आणि हातवारे करून गाड्या लावायला लागले. ये, ये, अजून, बस. लोकांनी ऐकलं. बोटवाल्याला वाटलं, वरून कोणी साहेब आला. सगळ्या गाड्या लागल्यावर बाबांनी आपली गाडी चढवली आणि खात्री करून घ्यावी म्हणून त्याला विचारलं, "उमरखेड?" तो आदरानं मान हलवून "येस सर" म्हणाला.

बोट 'बोरी अरब'ला चालली होती.

बाबांचा मोबाइल माझ्या पिशवीत होता, दोघांचे पासपोर्टही. त्यांच्याजवळ गाडीची किल्ली, चटणीचा डबा आणि वऱ्हाडी एवढंच होतं. 'बोरी अरब'ला जायला चाळीस मिनिटं लागत. बोटी दोन. तासातासाला दोन्ही बेटांवरून एकाच वेळी सुटायच्या आणि मधोमध एकमेकींना भेटायच्या. मी बाराच्या बोटीत बसलो. प्रज्ञाला फोन करावा असं दोनदा मनात आलं. पण परीक्षेच्या दिवशी पोरीला काय सांगणार? तुझे आजोबा समुद्रात आहेत?

वीस मिनिटांनी समोरून दुसरी बोट आली. कठड्याशी लाल मोटरसायकल आणि त्यावर बाबा. ते उतरलेच नव्हते. 'बोरी अरब' दिसल्याबरोबर त्यांनी ओळखलं आणि त्याच बोटीनं मला घ्यायला परत निघाले होते.

"बाबा, तिथीच थांबजा," मी ओरडलो.

"काय म्हणतं?"

"ढाणकीले थांबजा."

"हाव, थांब तू. मी येतो."

आता यातला 'थांब' कोणासाठी होता, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मी 'बोरी अरब'ला उतरलो आणि शांत डोक्यानं विचार केला. बाबा अनुभवी माणूस आहेत, ते 'ढाणकी'ला थांबतील. आपण परत जावं. तिकडे बाबांनीही तितक्याच शांत डोक्यानं विचार केला. पोरगं घाबरट आहे, ते 'बोरी अरब'लाच थांबेल. आपण परत जावं. एक वाजता दोन्हीकडून दोन्ही बोटी सुटल्या.

या वेळी मला मदत मागायलाच हवी होती. मी कप्तानाकडे गेलो आणि मोबाइलमध्ये भाषांतर उघडलं. फोनला वऱ्हाडी कळेना. माणूस घामानं भिजलेला, आणि त्याला शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध मराठी बोलायला लावायचं, यासारखी दुसरी शिक्षा नाही. मी एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "साहेब, माझे वडील बोटीतून गेले."

कप्तानानं पडद्यावरचं वाचलं. डोक्यावरची टोपी काढली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. शेजारच्या शेंगा विकणाऱ्या बाईला त्यानं काहीतरी सांगितलं, तिनं डोळ्यांना पदर लावावा तसा रुमाल लावला आणि मूठभर उकडलेल्या शेंगा माझ्या हातात ठेवल्या. फोननं माझ्या वडिलांना पार पोहोचवलं होतं.

तेवढ्यात समोरून बोट आली. गाडीवर बाबा. आता त्यांच्या गळ्यात शिटी होती, बोटवाल्यानं दिलेली. त्यांनी मला पाहिलं. नुसता कपाळावर हात मारला.

"तेच," मी कप्तानाला म्हणालो. "तेच माझे वडील."

कप्तानानं बाबांकडे पाहिलं, मग फोनकडे, मग माझ्याकडे. बाईनं शेंगा परत मागितल्या नाहीत, एवढाच तिचा मोठेपणा. मग कप्तान इतका हसला की त्याला वायरलेस धरता येईना. शेवटी त्यानं त्या बोटीला कळवलं की म्हाताऱ्याला उतरू देऊ नका, तसंच परत आणा. आणि मला खुणेनं सांगितलं की तू 'ढाणकी'ला उतर आणि कुठेही जाऊ नकोस. कुठेही म्हणताना त्यानं हाताचं बोट तीनदा हलवलं.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी बाबांची बोट लागली. दोन्ही बोटींतल्या माणसांकडून धक्काभर बातमी पसरली होती. सगळे उभे होते. बाबा गाडीवरून सावकाश, नवरदेवासारखे खाली उतरले आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"कुठी गेलता तू?" बाबा म्हणाले. "चार चकरा मारल्या तुह्यासाठी."

भांडायलाही वेळ नव्हता. तीनची बोट भरली होती. बोटवाल्यानं आमच्या गाडीकडे पाहून मान हलवली, जागा नाही. मी पासपोर्ट दाखवले, प्रज्ञाचा फोटो दाखवला, उद्या पांढरा कोट आहे हे हातांनी करून दाखवलं. त्याला वाटलं मी अंगात घालायला काही मागतोय. बाबांनी मला बाजूला केलं. आत गेले, एक डोळा बारीक केला. तीन गाड्या तिरप्या करायला लावल्या, तांदळाची पोती एकावर एक रचून घेतली, एका डुकराचा पिंजरा उचलून खिडकीखाली ठेवला. आणि शिटी वाजवली. आमच्या गाडीपुरती जागा झाली होती, वर बोटभर उरलीसुद्धा.

बोट सुटल्यावर आम्ही कठड्याशी बसलो.

"भूक लागली का?" मी विचारलं.

"नाही." मग म्हणाले, "दुसऱ्या बारीले तू समोरून गेला न, तवा लय घाबरलो मी. वाटलं, आता पोट्टीले काय सांगा?" आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "ठेव तुह्याजवळ."

शुक्रवारी ते पहिल्या रांगेत बसले. आयुष्यभर दुसऱ्यांचा कापूस रांगेला लावलेला माणूस नातीच्या अंगावर पांढरा कोट चढताना पाहत होता आणि मधेमधे चष्मा पुसत होता. कार्यक्रम संपल्यावर प्रज्ञानं विचारलं, "आबाजी, बेटं कशी होती?"

"बेटं चांगली होती," बाबा म्हणाले. "पण तुह्या बाप हरवला होता."

याला आता चार वर्षं झाली. बाबांचे गुडघे गेले, कुठे जाणं होत नाही. पण चौकातल्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी ते असतात आणि ही गोष्ट सांगतात. तिच्यात दर वेळी मी थोडा जास्त रडतो.

गेल्या महिन्यात मला कचेरीच्या कामानं यवतमाळला जायचं होतं. बाबा काठी टेकत स्टँडवर आले. मला वाटलं, सोडायला आले. ते थेट कंडक्टर बाईंकडे गेले.

"बाई, याले यवतमाळलेच उतरवजो. मधात कुठी उतरू देऊ नको. एकटा सोडला की चुकते हा."

मी हसून सोडून दिलं. दिग्रसला गाडी थांबली, सगळे उतरले, मीही चहासाठी उठलो. कंडक्टर बाई दारातच उभ्या होत्या.

"काका, तुम्ही बसा," त्या म्हणाल्या, "मी आणून देते."

मी बसलो. चहा खिडकीतून आला. आणि शेजारच्या सीटवरच्या आजी मला बिस्किट देत हळूच म्हणाल्या, "घाबरू नको बाप्पा, मी बी यवतमाळलेच उतरतो. माह्या संगं चाल."