मेंदीचं कुंपण आणि चांदणीची अटक

आमच्या वस्तीचं मेंदीचं कुंपण मी एकटीने उजाड केलं, असं म्हणणं बरोबर होणार नाही. बाकीच्या बायकांनीही फार मदत केली.

मोठ्या दुष्काळानंतर आम्ही सोलापुरातल्या त्या नव्या वस्तीत राहायला गेलो. चाळीसेक घरं आणि मधोमध एक मोकळं मैदान. मैदान म्हणजे काय, मुरूम, दगड आणि वारा सुटला की थेट आमटीत येऊन पडणारी धूळ! आमचे हे हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. तो रखरखाट यांच्या डोळ्यांना सोसेना. एका रविवारी यांनी घरोघर जाऊन सगळ्यांना श्रमदानाला बाहेर काढलं. शेजारच्या नरसम्माच्या नवऱ्याने माग सोडून पहार धरली, समोरच्या खैरूनबीने ब्लाउजांची शिलाई बाजूला ठेवून घमेली वाहिली, आणि संध्याकाळपर्यंत तीस कडुनिंब लागले. आता त्यांना शेळ्यांपासून वाचवायला कुंपण हवं.

"मेंदी लावू," हे बैठकीत उभं राहून म्हणाले. "मेंदीला जनावर तोंड लावत नाही."

काड्या आणल्या माझ्या नणंदेने, शकूने, थेट माळशिरसहून, एसटीच्या टपावर टाकून. यांनी त्या दोरी लावून, काटकोनाला गवंड्याचा गुण्या धरून सगळ्यांकडून रोवून घेतल्या. (एक काडी दोन बोटं रेषेबाहेर गेली, ती उपटून पुन्हा लावली. वहीत खोडरबर लागतो, मुरमात पहार लागते, एवढाच काय तो फरक!) नळाला पाणी दिवसाआड. म्हणून तांदळाचं धुवण, भाजीचं धुवण, आंघोळीचं पाणी, सगळं मेंदीला. एकदा मी चहाचं आधण ठेवलं, तर हे पातेल्यात डोकावून म्हणाले, "एवढं पाणी? चहाला?"

दुसऱ्या पावसाळ्यात मेंदी कमरेला आली. हे शाळेतून आले की आधी तिच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. (काही दिवस माझ्याकडे बघायचं राहूनही जायचं.) त्यातच शहरातल्या एका बागप्रेमी मंडळाने वस्त्यांच्या हिरवाईची स्पर्धा ठेवली. परीक्षक येणार होते नागपंचमीच्या सकाळी. आणि पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी शकू माहेरपणाला आली.

"वैनी, हाताला मेंदी आनली का?"

"नाही गं, बाजारात जाणंच झालं नाही."

"बाजारात? आन् समोर ही काय हाय?"

"शकू, ते तुझ्या दादांचं कुंपण आहे! उद्या परीक्षक यायचेत!"

"काड्या कुनी आनल्या व्हत्या? मीच की! चार शेंडं खुडलं तर काय हुतंय? आन् उद्या पंचमी. उद्या पानसुद्दा तोडायचं न्हाय. काय करायचं ते आजच!"

शास्त्रच असं आडवं आल्यावर मी काय बोलणार? आम्ही चार शेंडे खुडले. चार म्हणजे माझ्या उजव्या हाताला चार. मग डावा हात. मग शकूचे दोन हात. मग शकू म्हणाली, पायाला नको का? मी ओचा अर्धा भरला, तेवढ्यात कुंपणापलीकडून नरसम्माचं डोकं वर आलं.

"अय्यो! वहिनी, मास्तरांनी परवानगी दिली काय?"

मी हो म्हणाले नाही, हे देवाशपथ सांगते. पण नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत ती घरातून परात घेऊन परतली होती. तिच्या मागून तिची जाऊ. जावेच्या मागून अख्खी गल्ली! कुणी टोपलं आणलं, कुणी सूप. एकीने तर उशीचा अभ्रा काढून आणला. 'मास्तरांच्या मंडळीच खुडतायत म्हटल्यावर काय हरकत आहे,' असं जी ती दुसरीला सांगत होती. एक मात्र आली नाही, खैरूनबी. ती आमचेच पंचमीचे ब्लाउज संपवत मशीनवर वाकून बसली होती.

चार वाजता मी मागे वळून पाहिलं. मुंजीत न्हाव्याने हात फिरवल्यावर बटूचं डोकं दिसतं ना, तसं कुंपण दिसत होतं. पण एकदा खुडलेलं पान काही परत चिकटत नाही. मग निदान वाया तरी जाऊ नये, म्हणून आम्ही ती पाट्यावर बारीक वाटली, लिंबू पिळलं आणि दोघी तळहात माखून बसलो.

साडेपाचला यांची सायकल वाजली. मग वाजायची थांबली. मग एक आरोळी आली, "शेळी!"

"वैनी, दादा आला!" शकूने जुन्या धोतराच्या चिंध्या ओढल्या. दातांनी गाठी मारत आम्ही कसेबसे हात गुंडाळले. हे आत आले ते खैरूनबीच्या शेळीला, चांदणीला, दाव्याने ओढतच. तिला मागच्या अंगणात बांधून वळले, तर समोर मी.

"हाताला काय झालं?"

"भाजलं," मी म्हणाले. "वाफ लागली."

"आणि शकू, तुझे?"

"माजं बी भाजलं, दादा. एकाच पातेल्याची वाफ."

माणूस सरळ! यांनी दोघींना बसवलं, स्वतः पोहे केले आणि चमच्याने आम्हाला भरवले. भरवताना डोळे मात्र पाणावलेले. "दीड वर्ष जपली गं मी. एका शेळीने एका दिवसात संपवली." पुढच्या घासाला मी तोंड फिरवलं. (शकूने नाही. तिने आणखी थोडे मागून घेतले.)

तेवढ्यात खैरूनबी आली. "मास्तरसाब, मेरी चांदनी कू कायकू बांधे?"

"तिने आमची मेंदी खाल्ली!"

"मेंदी खाती क्या बकरी? मिटिंग में तुमीच बोले ना, मेंदी कू जनावर मूँ नइ लगाता बोलके!"

हे तरातरा बाहेर गेले. उरलीसुरली एक डहाळी आणली आणि चांदणीपुढे धरली. चांदणीने ती हुंगली आणि मान फिरवली.

"पोट भरलंय तिचं!" हे म्हणाले.

खैरूनबीने कपाळाला हात लावला. मग तिची नजर माझ्या चिंध्यांवर गेली. "भाभी, हात कू क्या हुआ?"

"भाजले."

ती जवळ आली. नाकाने एक लांब श्वास घेतला. "हौ? जले सो हात की वास तो बहोत अच्छी आरी!"

मी जमिनीकडे बघत राहिले. आता ही सांगणार! पण ती शेळीकडे वळली. चांदणीच्या पाठीवर थोपटून म्हणाली, "सबर कर बेटी. सुबू लेके जाती." आणि गेली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोसल्या असत्या. हे काही सोसेना.

सकाळी परीक्षक आले. पांढऱ्या मिशांचे, शेतकी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळी वस्ती मैदानात जमली. बायकांचे हात पदराखाली, श्रावणात जणू डिसेंबरची थंडी पडली होती! औक्षणाचं तबक माझ्याकडे होतं, चिंध्या गुंडाळलेल्या हातांत. बाजूला खैरूनबी, बगलेत ब्लाउजांचं गाठोडं. आणि यांनी एका हाताने चांदणीचं दावं धरून भाषण सुरू केलं.

"साहेब, काल सकाळपर्यंत हे कुंपण हिरवंगार होतं. ते कुणी संपवलं, तो गुन्हेगार मी आपल्यासमोर उभा करतो आहे."

चांदणी "बें" म्हणाली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बांधून ठेवा शेळीला, दंड लावा मालकिणीला!" खैरूनबीचा चेहरा उतरला, तरी तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याने राहवेना. मी तबक शकूच्या हातात कोंबलं, दातांनी चिंध्या सोडल्या आणि दोन्ही हात वर केले. रात्रभर गुंडाळून ठेवलेली मेंदी! तळहात असे लालभडक झाले होते की पहिल्या रांगेतली माणसं मागे सरकली.

"चांदणीने नाही!" मी ओरडले. "मी खाल्ली!"

"खाल्ली?" परीक्षकांनी चष्मा वर केला.

"म्हणजे... खुडली! मी खुडली!"

मग नरसम्माचे हात पदराबाहेर आले. "मी पन खुडली." मग तिच्या जावेचे. मग अभ्रावालीचे. बघता बघता मैदानभर लाल तळहात वर झाले, निवडणुकीत आम्ही बिनविरोध निवडून आल्यासारखे! यांच्या हातून दावं सुटलं. चांदणी सावकाश चालत खैरूनबीजवळ जाऊन उभी राहिली.

परीक्षक मात्र कुंपणाशी वाकले होते. एक काडी हातात धरून म्हणाले, "मास्तर, लावल्यापासून कात्री लावलीच नव्हती ना हिला?"

"छे! एक पान तोडू दिलं नाही."

"म्हणून नुसती उंच वाढली. खालून मांजर जाईल एवढी विरळ. शेंडा खुडला की बाजूने फूट येते. या बायकांनी तुमचं कुंपण वाचवलं, कळलं का?" मग वर बघून म्हणाले, "पण आज बक्षीस देता येणार नाही. आज इथे हिरवं असं काही दिसतच नाही."

हे सगळ्यांदेखत खैरूनबीसमोर गेले आणि हात जोडले. "चुकलो, बहन." खैरूनबी पदर तोंडाला लावून हसली. "जाने दो मास्तरसाब. भाभी कू नका बोलू कुच," म्हणाली आणि ब्लाउजांचं गाठोडं माझ्या लाल हातांत ठेवलं. त्यानंतर माझी शिलाई तिने कधी एक दिवससुद्धा लांबवली नाही, आणि मीही तिच्याशी पुन्हा कधी खोटं बोलले नाही.

महिन्याभरात मेंदी खरंच अशी दाट फुटली की आतले कडुनिंब शोधावे लागायचे. पुढच्या वर्षापासून पंचमीच्या आदल्या दिवशी यांनी स्वतःच दवंडी दिल्यासारखं घरोघर सांगायला सुरुवात केली, "खुडायला या हो!"

पण ते पुढच्या वर्षी. त्या पंचमीच्या संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या बायकांनी ओट्यावर बसून हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मेंदीचा रंग जितका गडद, तितकं नवऱ्याचं प्रेम जास्त, असं म्हणतात. साऱ्या वस्तीत माझा रंग सगळ्यांत गडद निघाला. आणि आमचे हे पुढचे आठ दिवस माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत!