धारेवरचा हाकारा

स्कॉटलंडातल्या किंटेलच्या डोंगरांवरून मेंढरं खाली आणायचा दिवस ठरला की माथ्याच्या धारेवरून कोण चालणार, हे वस्तीत कुणी विचारायचंच नाही. ती वाट एफी मॅकलेननची. बाकीचे उतारावर एकाखाली एक उभे राहायचे आणि वरून तिचा हाकारा आला की मगच हलायचे. धार ढगात बुडालेली असली तरी एफी कुठं आहे ते हाकाऱ्यावरून कळायचं. नवरा गेला त्या सालीही तिनं ही वाट सोडली नव्हती.

यंदा गुडघ्यानं दावा मांडला. कामं वाटून देणाऱ्या टॉर्किलनं तिला खाली मेंढवाड्याच्या फाटकावर नेमलं आणि धार दिली तिच्या भाच्याच्या बायकोला, शोनाला. शोना ग्लासगोत वाढलेली. मला काय फाटकाची कडी म्हणून लावणार आहेस का, असं एफीनं त्याला विचारलं. तो हसला, पण बधला नाही.

ठरल्या दिवशी उजाडायच्या आत एफी काठी आणि मेग कुत्रीला घेऊन धारेच्याच वाटेनं निघाली. धारेखालच्या खिंडीपर्यंत गुडघ्यानं साथ दिली, पुढं नाही. शोना वर पोचली तेव्हा ही दगडाला टेकून, दात आवळून बसलेली.

"आत्या, तुम्ही इथं?"

"वारा खायला आले."

शोनानं जवळची ओटची भाकरी मोडून अर्धी तिच्या हातात दिली. तेवढ्यात ढग उतरला. खाली माणसं ताटकळलेली. हाकारा आला नाही तर ती घरी परतणार आणि उद्याच्या बाजाराला एकही मेंढरू जाणार नाही. शोनानं ओरडून पाहिलं. वाऱ्यानं आवाज तोंडातूनच उडवून नेला. एफीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"पाय तुझे चांगले आहेत," ती म्हणाली. "डावीकडच्या कपारीत मेंढरं दडतात, ती मेग काढेल. तू तिकडं जाऊ नकोस, पाय ठरत नाही तिथं."

मेग जागची हलेना. एफीनं तिच्या पाठीवर थाप मारली. "जा. आता हिच्यामागं."

कुत्री वळून वळून बघत गेली. मग एफी काठीवर भार टाकून उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून हाकारा दिला. खालून एकेकाची हाक आली. रांग हलली.

ती लंगडत मेंढवाड्यावर पोचली तेव्हा मेंढरं आत होती आणि चहा उकळून काळा झाला होता.

"ऐकायचं नाहीच ना, म्हातारे?" टॉर्किल म्हणाला. "हाकारा ऐकला आणि म्हटलं, आता फाटक मलाच लावावं लागणार. धार काही सुटत नाही तुझ्यानं."

सगळे हसले. शोनाही हसली, पण खरं काय ते बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं एफीला गुडघ्यापेक्षा जास्त झोंबलं. आपणही गप्प बसलो तर पुढच्या सालीही धार आपलीच, हे तिला कळत होतं.

"मी खिंडीत बसले होते," ती म्हणाली. "धारेवरून ही गेली. मी नुसती बोंबलले."

मग टॉर्किलनं चहाचा पेला तिच्यापुढं धरत विचारलं, की मग पुढच्या सालचं कसं?

"हाकाराही हीच देईल. हिवाळाभर शिकवते. शेजाऱ्यांनी कानांत बोळे घालावेत."

ती फाटकाची कडी घालायला वळली. मेग शोनाच्या पायाशी पसरली होती. एफीनं तिला हाक मारली नाही.