काट्याच्या खोलीतला मधला

मी खरं सांगितलं, कोणी मानलं नाही. शेठले सांगितलं, टपरीवर सांगितलं, घरच्या देवाले सांगितलं. आता लिहून काढते. कारंज्याच्या रस्त्यावर आमचं जिनिंग आहे, कापसातून सरकी काढायचा कारखाना. तिथं मी झाडू मारते, चहा करते अन् जिनिंगनं दिलेल्या खोलीत राहते. असल्या जागी किस्से सरकीसारखे साचतात, एक कोपरा झाडला की दुसऱ्यात ढीग. हे सगळे एकाच कामाचे आहेत. मधला बदलायचं काम.

मधला कोण, ते आधी सांगते. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन काट्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये येते, विंडोजच्या जुन्या प्रोग्रामात. शेठचा मोठा पोरगा नागपूरच्या ऑफिसात बसते, त्याच्याकडे नवीन सर्व्हर, जावा भाषेतला. दोघांची भाषा वेगळी. बैलबाजारात घेणारा अन् विकणारा तोंडानं बोलत नाहीत, दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव जुळवते. तसा एक प्रोग्राम या दोघांच्या मधे बसवलेला. इंजिनिअर त्याले मिडलवेअर म्हणे, आमी मधला. तो जुना झाला, नवीन सर्व्हर त्याले ओळखेना. म्हणून कापूस यायच्या आत तो बदलायचा होता.

शेठच्या पोरानं फोनवर सांगून ठेवलं होतं, "सीझनमध्ये काटा अडला तर ज्याची चूक त्याले त्याच दिवशी घरी पाठवीन." काट्याच्या खोलीत माणसं दोन. काटा चालवणारा संदीप अन् झाडू मारणारी मी. संदीपले कॉम्प्युटर येते. म्हणजे घरी कोण जाईन, हे काम सुरू व्हायच्या आधीच ठरलं होतं. अन् माझं घर म्हणजे जिनिंगचीच खोली.

* * *

पुण्याहून इंजिनिअर आला. माणूस चांगला, मले मावशी म्हणे. त्यानं विचारलं, जुना प्रोग्राम बनवला कोणी? बनवणाऱ्यानं ते काम कधीच सोडलं होतं अन् शेलूबाजारले हायवेवर धाबा टाकला होता. इंजिनिअर अन् संदीप जीप करून त्याच्याकडे गेले. दिवस मावळता परत आले, दोघंही पोट भरून.

मी विचारलं, "काय म्हणला तो?"

संदीप म्हणे, "चालून राह्यला ना? मंग हात कायले लावता, म्हणे."

* * *

तरी हात लावला. नवीन मधला बसला, एक-दोन ट्रॅक्टर चढवून पाहिले, वजनं नागपूरले बरोबर गेली. शेठनं पेढे मागवले. पेढे यायच्या आत नागपूरहून शेठच्या पोराचा फोन. वजनं दिसतात, पण शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. सगळ्याईचं नाव एकच कसं, म्हणून तो ओरडून राह्यला होता. नव्या मधल्याले मराठी अक्षर वाचता येत नव्हतं.

काट्यावर एक म्हातारा शेतकरी बसला होता. त्यानं सगळं ऐकलं अन् म्हणला, "बरोबरच आहे की. तुमच्या नागपूरले आमची नावं कवा माहीत होती?"

पेढे मात्र त्यालेच सगळ्यात आधी दिले.

* * *

मग इंजिनिअर म्हणे, मराठी पाहिजे तर याच्याहून नवीन मधला लागते. तो या विंडोजवर चालत नाही, विंडोज नवीन लागते. नवीन विंडोजवर काट्याचा जुना प्रोग्राम चालत नाही, तोही नवीन लागते. नवीन प्रोग्रामले काट्याचं मशीन जुनं पडते.

शेठनं शांतपणे ऐकलं. म्हणला, "म्हणजे मालक तेवढा जुना चालते ना?"

मी चहा ओतत होती, हसू दाबता दाबता सांडला.

* * *

शेवटी काहीतरी जुगाड जमला. खंडेनवमीच्या सकाळी इंजिनिअरनं काम लावून दिलं, दुपारपर्यंत आपोआप होईन, कोणी हात लावू नका म्हणला, अन् जेवायले कारंज्यात गेला.

तेवढ्यात शेठ नारळ, हळद-कुंकू अन् झेंडूच्या माळा घेऊन आला. आमच्याकडे नवमीले यंत्राची पूजा असते, त्या दिवशी यंत्र चालवत नाहीत. जिनिंग बंद, गाठी बांधायचा प्रेस बंद. कॉम्प्युटर तेवढा चालू.

"बंद कर त्याले, बाई. आज यंत्राले आराम."

मी म्हटलं, इंजिनिअर हात लावू नका म्हणून गेला.

"देवापेक्षा इंजिनिअर मोठा हाय काय? बंद कर म्हणतो ना."

मी बटन दाबलं. शेठनं काळ्या पडद्याले कुंकू लावलं, माळ घातली, नारळ फोडला. संदीपनं प्रसाद वाटला.

इंजिनिअर आला अन् माळ पाहून खालीच बसला. जुना मधला अर्धा निघाला होता, नवा अर्धाच बसला होता. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या आल्या, पेट्रोलपंपापर्यंत रांग लागली, काटा मुका.

इंजिनिअरनं सगळ्याईले विचारलं, बंद कोणी केलं? संदीपनं माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, शेठनं सांगितलं. शेठ सगळ्यासमोर म्हणला, "मी पूजा सांगितली. बंद कर असं मी कवा म्हणलो?" तो खोटं बोलत नव्हता. खरंच विसरला होता. खोटं बोलला असता तर मी भांडली असती. संदीप आपल्या चपला पाहत राहिला.

* * *

दुसऱ्या दिवशी मी भांडी पोत्यात भरली अन् चहा द्यायले काट्याच्या खोलीत गेली. पोराचा फोन स्पीकरवर होता. त्याले नाव पाहिजे होतं. शेठ तोंडातल्या तोंडात बोलून राह्यला होता.

इंजिनिअर मधेच म्हणाला, "हा कॉम्प्युटर कोणाच्या नावानं चालतो? मशीनच्या लेखी बंद करणारा तोच."

संदीपच्या आधी काटा किसन चालवायचा. जुना प्रोग्राम त्याच्या नावानं बसवलेला. नाव बदललं की प्रोग्राम अन् मधला एकमेकाशी बोलत नाहीत, म्हणून तो तापानं गेला तरी त्याचं नाव कॉम्प्युटरातून कोणी काढलं नाही. संदीप रोज त्याच्याच नावानं बसते. किसनचा फोटो कॉम्प्युटरच्या वरच लावला आहे.

शेठनं फोटोकडे पाह्यलं. मी म्हटलं, "शेठजी, तो तर मेला ना."

शेठ हळूच म्हणला, "बाई, तुले खोली पाह्यजे का नाही?"

फोनमधून आवाज आला, "बाबा, नाव सांगा."

शेठनं पायातली चप्पल काढली, फोटोले हात जोडले अन् फोनकडे तोंड करून म्हणला,

"किसन इंगोले."