उस्मानभाईंनी न काढलेला पोचा

उस्मानभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो, अर्धी दाढी झालेली. तसाच उठून निघालो. जनाजा निघेपर्यंत निम्मी गेवराई माझ्या तोंडाकडे बघून दुःख विसरली होती... उस्मानभाईंना ते आवडलं असतं.

हायवेलगतच्या शेडमध्ये ते गाड्यांचे पोचे काढत. हातोडीचे ठोके सुरू झाले की गोदावरीतले मासे ताल धरत. आणि नजर! बॉनेटवरचा खड्डा बघून सांगत, धडकलेल्या माणसाचं तोंड गाडीकडे होतं की पाठ, तो ताठ होता की वाकलेला. त्याच्या खिशात बिडी होती की तंबाखू हेही सांगतात, असं मी गावभर केलं. तेवढं माझं, बाकी त्यांचं.

माझ्या थोरल्या भावाला त्याच रस्त्यावर जीपने उडवलं. ड्रायव्हर म्हणाला, "पळत येऊन गाडीपुढं पडला." सकाळी तो वहिनीशी भांडून निघाला होता, हे आळीला ठाऊक होतं. लोकांनी काय ते समजून घेतलं. वहिनीनेही. तिने अन्न सोडलं.

पंचनाम्यानंतर जीप उस्मानभाईंकडेच आली. दोन दिवस त्यांनी हातोडी उचलली नाही. मग मला निरोप आला, "मास्तर, भाभीला घेऊन या."

यापुढे मी एक अक्षरही फुगवलेलं नाही.

"भाभी, उभ्या मानसाच्या पायाला लागतं, अन् डोकं वर काचंवर येतं. काच बघा, चरा न्हाई. मार हितं हाय, म्होरल्या कडंला. गडी वाकलेला होता. पळनारा आसा वाकत न्हाई."

"वाकून काय करत होते?"

जीपच्या पुढच्या जाळीत अडकलेल्या तीन काळ्या बिया त्यांनी काढून ठेवल्या होत्या. त्या तिच्या तळहातावर ठेवल्या. "पिशवी फाटली आसंल. येचत होते."

वहिनीने सीताफळाच्या त्या बिया ओळखल्या. "त्याच्यावरूनच भांडले मी. म्हणलं, सीझन सरला, एक सीताफळ आणलं न्हाई घरी..." मग हळूच म्हणाली, "आणत होते म्हंजे."

त्या संध्याकाळी ती जेवली.

उस्मानभाईंनी जीपला दुसरं बॉनेट बसवून दिलं आणि हे पोचा पडलेलं भिंतीला टांगलं. वर्षभराने मी म्हणालो, "काढा की आता तो पोचा."

"कावून? साक्षीदार हाय तो. ऱ्हाऊ द्या."

परवा शेडमध्ये गेलो. हातोडी कोपऱ्यात. बॉनेट मात्र तिथंच, जीपवर होतं तेवढ्याच उंचीवर. त्या पोच्याला हात लावायचा तर वाकावं लागतं.

मी वाकलो.