आदर्श श्रामणेर

"ए, ओट्यावर कायले चढली? खाली उतर आधी."

पाटील माझ्या मायला बोलला. त्याच ओट्यावर आम्हा श्रामणेरांसाठी त्याने सतरंजी अंथरली होती. शेलूबाजारजवळच्या आमच्या गावात, बुद्धविहारात दहा दिवस श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होण्याचं शिबिर होतं. मी एकोणीस वर्षांचा. डोकी भादरून, चीवर नेसून आम्ही बारा जण सकाळी भिक्षेला निघायचो. निवडणूक जवळ आली होती, म्हणून पाटलाने मुद्दाम घरी बोलावलं. त्याचा पोरगा मोबाइलवर फोटो काढत होता.

माय त्याच्याच वावरात निंदायला जायची. माझ्या पात्रात वाढायला तिने घरून भाकर आणली होती. चीवर होतं म्हणून मी वर. जिच्या पोटचा, ती खाली.

भिक्षेच्या वेळी नजर जमिनीवर ठेवायची, असा नियम. मी ठेवली. मला फक्त तिचे पाय दिसले. ते एक पायरी उतरले, मग दुसरी. भाकर तिने पदरात गुंडाळली. पाटलाकडचा शिरा माझ्या पात्रात पडला. मी तो खाल्लाही.

खरं सांगतो, तो संयम नव्हता. माझी फाटली होती. लपायला नियम बरा सापडला.

दुपारी माय विहारात आली. रीतीप्रमाणे चीवरातल्या पोराला तिने वाकून वंदन केलं. मग हळूच विचारलं, "शिरा चांगला व्हता का, बाबू?"

मला तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी शिबिर घेणाऱ्या भन्त्यांनी मला सगळ्यांपुढे उभं केलं. सकाळी रांगेत तेच पुढे होते, सगळं त्यांनी पाहिलं होतं. म्हणाले, "याच्याकडून शिका. आईचा अपमान झाला, तरी मन हललं नाही. आदर्श असा असतो."

सगळे म्हणाले, साधु, साधु, साधु. बायकांत बसलेली मायही म्हणाली. मला माझीच किळस आली.

"भन्ते, मन हललं व्हतं," मी म्हणालो. "मी भेलो व्हतो. उद्या मी त्या ओट्यावर चढत नाही. माय जिथं उभी राहीन, तिथंच पात्र धरीन."

दुसऱ्या दिवशी मी ओट्याखाली, मायपुढेच पात्र धरलं. दुसऱ्या आठवड्यात पाटलाने मायचं काम बंद केलं. ती अजून परगावी निंदायला जाते. तेही माझ्याच माथ्यावर.

आता शिबिरात मी शिकवतो. पहिल्याच दिवशी पोरांना ही गोष्ट सांगतो आणि यातला भेकड मीच, हेही सांगतो. कोणी कोणाला पायरी उतरायला लावत असेल, तर मान वर करा आणि बोला. नियम मोडला तर मोडू द्या, जाब मी देईन.