सायलीला आणायला

पुण्याहून गाडी सुटली तेव्हा माझ्या पर्समध्ये तीन तिकिटं होती. जाताना एक, येताना दोन. परतीच्या दुसऱ्या तिकिटावर माझ्या भाचीचं, सायलीचं नाव होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्या साताऱ्याकडचा रिवाज. सायलीची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, आता नाही; तेव्हा तिचं माहेर म्हणजे मी. तिला सातवा लागला होता. शिवाय पोरीला ल्युपस. शरीराची राखण करणाऱ्या शक्तीनं आपल्याच शरीराला परकं समजायचं आणि सांधे, कातडी, मूत्रपिंड दिसेल त्यावर उलटायचं, असा तो आजार. अशा मुलीला इतक्या लांब सासरी ठेवायचं नाही, हे मी कोणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं.

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यामुळे देशातलं प्रत्येक गाव आपल्याला आधीच ठाऊक असतं, अशी माझी एक समजूत आहे. छत्तीसगड म्हणजे तांदळाचं कोठार, रायपूर म्हणजे लोखंड. नागपूर, गोंदिया मागे पडलं आणि डोंगरगडची टेकडी दिसली, तेव्हा खिडकीबाहेर धान कापून झालेली शेतं लागली. पाणी आटलेल्या खाचरांत बगळे उभे होते. समोरच्या बाईंनी मला डब्यातला फरा (तांदळाच्या पिठाचे उकडलेले लांबट रोल, वर तिळाची फोडणी) खायला दिला. एवढा मऊ पदार्थ पाठ्यपुस्तकात कुठेच नव्हता.

रायपूर स्टेशनवर सायलीचा नवरा नितीन आणि सासरे यादवराव आले होते. नितीन सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात आहे. त्याला मराठी समजतं, पण बोलतो हिंदी. "मौसी, सफर में तकलीफ तो नहीं हुई?" यादवराव मूळचे भंडाऱ्याकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. माझी बॅग उचलताना त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. गाडी पुढे निघाली होती आणि ते मान तिरकी करून तिच्या चाकांकडे कान लावून उभे होते.

"सवय आहे बाई," ते ओशाळून म्हणाले. "नोकरीच ती होती माही. फलाटाच्या टोकाले बसाचं आन् येनाऱ्या गाडीची चाकं आयकाची. चाक बिघडलं का आवाज बदलते."

मी मनात म्हटलं, घ्या, आता चाकंसुद्धा बोलायला लागली.

घर रेल्वे वसाहतीपासून जवळच, एका शांत पाऱ्यात (मोहल्ल्यात) आहे. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. सायली दारात आली नाही, कारण दारात ऊन होतं. तिला ऊन सोसत नाही, चेहरा लाल होतो आणि सांधे धरतात. तिनं आतूनच हाक मारली, "मावशी, इकडे सावलीत ये." पोट छान दिसत होतं. गालांवर फिकट लाली होती, शेजारणी तिला पावडर समजतात म्हणे.

मी बॅग उघडली आणि पहिली फजिती झाली. लिंबाचं लोणचं, पोह्याचे पापड, सांडगी मिरची, असं माहेरचं सगळं आणलं होतं. विहीणबाईंनी, शालूताईंनी, एकेक डबा हातात घेऊन बाजूला ठेवला. "तिले मीठ कमी सांगतलं ना ताई. बीपी चढलं त किडनीवर जाते." लोणचं शेवटी नितीननं खाल्लं.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी दोन तिकिटं टेबलावर ठेवली. मग सायलीनं माझा हात धरला.

"मावशी, फोनवर तू मला म्हणाली होतीस ना, पोटुशीनं गोळ्या कशाला घ्यायच्या, बंद कर. मी तेव्हा हो म्हटलं आणि गोळी घेतली."

माझा चहा गार होत होता.

"आजार शांत आहे, हे सहा महिने पाहूनच डॉक्टरांनी दिवस राहू द्यायला परवानगी दिली. बाळाला चालणार नाहीत ती औषधं आधीच बदलली. ही जी गोळी आहे ती सोडली तर आजार उठेल, आणि तो उठला तर दोघांनाही धोका. शिवाय माझ्या रक्तात असं काहीतरी आहे, जे वारेतून बाळापर्यंत जातं. बहुतेक वेळा काही होत नाही. पण कधी कधी ते बाळाच्या हृदयातल्या तारेला धरतं. वरच्या कप्प्याचा इशारा ज्या तारेनं खाली पोचतो, ती तार. पूर्ण तुटली तर पुन्हा जुळत नाही. तुटायला लागलीय हे काही तासांत कळलं, तर औषध देऊन बघता येतं. म्हणून आठवड्याला सोनोग्राफी, आणि घरी दिवसातून तीनदा ठोके ऐकायचे. सव्वीस आठवडे पुरे होईपर्यंत तरी."

"साताऱ्याला डॉक्टर नाहीत का?" मी विचारलं.

"आहेत की," ती म्हणाली. पण माझ्याकडे पाहिलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी ते ऐकणं मी पहिल्यांदा पाहिलं. तळहातात मावेल असं यंत्र, त्याला एक दांडी. सायली आडवी झाली, शालूताईंनी पोटाला जेल लावलं, टीव्ही बंद, पंखा बंद. यादवराव खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मग तो आवाज आला, घाईघाईचा, टपटप टपटप. एवढासा जीव, अजून जगात न आलेला, आणि घरातली सगळी माणसं त्याच्यासमोर गप्प. यादवरावांचं एक बोट गुडघ्यावर हलत होतं. पाच मिनिटांनी ते म्हणाले, "बरुबर." पंखा सुरू झाला. मी उठून शालूताईंना पोळ्या लाटू लागले.

दोन दिवस मी शहर पाहिलं. बूढा तलावाकाठी फिरले, नाश्त्याला चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) खाल्ला, लाल भाजी घ्यायची म्हणून बाजारात अर्धा तास हुज्जत घातली. चौथ्या दिवशी सिरपूरला जायचं ठरलं. तिथलं विटांचं जुनं देऊळ आणि बौद्ध विहार मी वर्गात शिकवले होते, प्रत्यक्ष पाहिले नव्हते. डबे भरले, शेजारच्या कुंतीदीदींची गाडी दारात आली. आठ वाजले होते, म्हणून यादवराव ऐकायला बसले.

बोट हलता हलता थांबलं.

"पुन्हा लाव."

शालूताईंनी दांडी सरकवली. टपटप टपटप. मला तरी सगळं एकसारखंच वाटलं.

"एक ठोका गाळून राहिला," ते म्हणाले. "दर थोड्या वेळानं."

"अहो, कान वाजत असतील," मी म्हटलं. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. त्यांनी वाद घातला नाही. सायली तोवर उठून फाईल घेऊन आली होती, चपला घातल्या होत्या, छत्री हातात होती. कोणी रडलं नाही, कोणी देवाचं नाव घेतलं नाही. सिरपूरची गाडी समता कॉलनीतल्या दवाखान्याकडे वळली. उरल्याच्या कारखान्यांकडून येणाऱ्या लोखंडाच्या ट्रकांमागे आम्ही अडकलो, तेव्हा सायलीनं माझं मनगट धरलं. तेवढ्यानंच मला तिची भीती कळली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मला आत येऊ दिलं. पडद्यावर राखाडी धुक्यात एक मूठभर काहीतरी उघडत मिटत होतं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, हा वरचा कप्पा, हा खालचा. वरचा हलला की खालचा हलतो. त्या बराच वेळ मोजत राहिल्या. मी आयुष्यात समुद्र पाहिलाय, हिमालय पाहिलाय. त्या मुठीइतकं मोठं काही पाहिलेलं नाही.

"तार बिलकुल ठीक है," त्या शेवटी म्हणाल्या. वरचा एखादा ठोका घाईनं आधीच पडतो, म्हणून मधे पोकळी ऐकू येते. असं पुष्कळ बाळांत होतं आणि बहुतेकदा आपोआप जातं. दोन दिवसांनी पुन्हा पाहू. मग त्यांनी विचारलं, "ये सुना किसने?"

यादवराव दाराशी उभे होते. आता ओरडा बसणार, असा त्यांचा चेहरा.

"बाबूजी, ऐसा लगे तो सौ बार आइए."

"हव," ते म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

सिरपूरचे डबे आम्ही घरी येऊन खाल्ले. कुंतीदीदी सोबत होत्या. टेबलावरची तिकिटं पाहून त्यांनी छत्तीसगडीत विचारलं, ही कसली? मी रिवाज सांगितला. त्या हसल्या. "हमर इहाँ मइके वाला मन खुदे आथें, सात किसम के रोटी-पीठा धर के." (आमच्याकडे माहेरचे स्वतःच येतात, सात तऱ्हेचे पदार्थ घेऊन.) सातव्या महिन्यातल्या त्या सोहळ्याला सधौरी म्हणतात. मुलगी माहेरी जात नाही, माहेर मुलीकडे येतं.

मी तिकिटांकडे पाहिलं. साताऱ्याला माझ्या घरी दोन खोल्या आहेत, अंगण आहे, चांगले डॉक्टरही मिळाले असते. पण पंखा बंद करून डोळे मिटून बसणारं माणूस मी कुठून आणणार होते?

दोन दिवसांनी पडद्यावरही सगळं सुरळीत दिसलं आणि तिसऱ्या दिवशी मी सधौरी केली. पुरणपोळी, सांजोरी, गव्हाची खीर, कणकेचे गोड दिवे, आणि शालूताईंनी शिकवलेले तीन पदार्थ. सातांपैकी एकातही मीठ नव्हतं. साखरही जपायची म्हणून सायलीनं प्रत्येकाचा एकेक घास घेतला. सातव्या घासाला तिचे डोळे भरून आले आणि माझेही. "आई असती तर तिनं एवढं गोड केलं नसतं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

निघताना स्टेशनवर यादवराव एकटेच आले. मला जागेवर बसवून ते फलाटाच्या टोकाकडे चालत गेले. गाडी हलली. माझी खिडकी त्यांच्यासमोरून गेली तेव्हा ते मान तिरकी करून, डोळे मिटून उभे होते. मी हात हलवला, तो त्यांना दिसला नाही. मागे वळून पाहत राहिले. शेवटचा डबा पुढे गेल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि हात वर केला.

भूगोल मी तीस वर्षं अंतरात मोजला. कुठून कुठे किती मैल, एवढंच मला येत होतं. माहेर ही जागाच आहे आणि माणसाला उचलून तिथे न्यावं लागतं, असं मी धरून चालले होते. रायपूरला एका रेल्वेच्या माणसानं मला न सांगता ते पुसून टाकलं.

दुर्ग गेल्यावर तिकीट तपासनीस आला. माझ्यासमोरचा बाक रिकामा होता.

"सायली कौन हैं?"

"वो नहीं आईं."

"क्यों, तबीयत खराब है?"

"नहीं," मी म्हटलं. "तबीयत ठीक है. इसीलिए नहीं आईं."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि यादीवर खूण केली.