शून्याचं पाणी

टेकचंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये अकरावीच्या प्रयोगवह्या तपासत बसलो होतो. फोन त्याच्या चुलतभावाचा. रडत रडतच बोलत होता. "मास्तर, टेकूले करंट लागला जी. काच धुवाचा पोल तारेले लागला... गेला टेकू." अशा वेळी माणूस काय विचारतो? कुठे, कधी, कोणत्या दवाखान्यात नेलं. मी विचारलं, "पाण्याचा आकडा किती होता?" त्याला वाटलं असेल, मास्तरचं डोकं फिरलं. शेजारच्या खुर्चीवरच्या इंग्रजीच्या बाईंनीही मान वर करून पाहिलं. मी फोन ठेवला, पुढची वही ओढली, लाल पेनानं एक बरोबरची खूण केली, आणि मग पेनाला टोपण लावून उठलो. या गोष्टीला आता पाच आठवडे होतील. तो प्रश्न माझ्या तोंडून का निघाला हे सांगितल्याशिवाय मला टेकचंदबद्दल एक अक्षर लिहिता येणार नाही.

आम्ही दोघं गोंदियाजवळच्या कामठ्याचे, एका बाकावरचे. मी पुढे शिकून गोंदियाच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलो, म्हणून साऱ्या गावात त्यानंच मला 'मास्तर' करून टाकलं. तो स्वतः बारावीला पुस्तकं गुंडाळून नागपूरला गेला आणि मोठ्या इमारतींच्या काचा दोरावर लटकून धुऊ लागला. आठ वर्षं लटकला. एक दिवस बाजूच्या दोरावरचा सोबती त्याच्या डोळ्यांदेखत खाली गेला. ती हकिगत त्यानं मला एकदाच सांगितली, तीही एका वाक्यात: "मास्तर, नुसता आवाज आला." त्या दिवशी तो दोरावरून उतरला तो उतरलाच. गावी परतला तेव्हा बायकोच्या, वनितावहिनीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक लांबलचक काळा पोल त्याच्याजवळ होता. एकात एक सरकणाऱ्या नळ्या, टोकाला ब्रश, आतून पाण्याची बारीक नळी. जमिनीवर उभं राहून चौथ्या मजल्याची काच धुवायची. "आता आपले पाय जमिनीवर. मरनाचं टेन्शनच नाही गा," असं म्हणून तो मोठ्यानं हसला होता.

तेव्हा गोंदियात जिकडेतिकडे निळ्या काचांच्या इमारती उठत होत्या. साडीची दुकानं, नर्सिंग होम, कोचिंग क्लास... आणि राइस मिलांची काळी राख त्या काचांवर महिनाभरात चढायची. काम भरपूर होतं. पण पहिल्याच कामात टेकचंदची फजिती झाली. साडीच्या शोरूमची काच त्यानं धुतली, घरी गेला, आणि पाणी सुकल्यावर काचभर पांढरे ठिपके. मालक म्हणाला, "भैया, धोया है कि चूना पोता है?" तोंड पाडून टेकचंद संध्याकाळी माझ्या दारात. या कामात काच पुसायची नसते, पाणी आपोआप सुकू द्यायचं असतं. पाण्यात क्षार असले तर ते काचेवरच राहतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षारांना काय तोटा! मी त्याला पेनाएवढं मीटर आणून दिलं, पाण्यात बुडवलं की क्षारांचा आकडा दाखवणारं. बोअरचं पाणी चारशेच्या वर गेलं. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अबे, हे आपन पिऊन राहिलो?"

मग आम्ही त्याच्या पाण्याच्या मागे लागलो. तीनचाकी टेम्पोवर पाचशे लिटरची टाकी, बॅटरीवरचा पंप, गाळ अडवणारी गाळणी, क्षार अडवणारी गाळणी, आणि शेवटी क्षारांचा उरलासुरला अंश शोषून घेणाऱ्या मण्यांचा सिलेंडर. हे सगळं बसवून दिलं मी, पण चालवलं वनितावहिनीनं. टेकचंदचे डोळे वर काचेवर, तिचे खाली टाकीवर. पाणी वर पोचायला वेळ लागतो, म्हणून तो पोल उचलायच्या आधीच हाक द्यायचा, "आकडा?" ती मीटर बघून ओरडायची, "शून्य!" मगच तो काचेला ब्रश लावायचा. आकडा दहाच्या वर सरकला की ती त्याला विचारायच्या आधी नळ बंद करायची आणि वर त्यालाच झापायची. एका मजल्याला पाणी किती लागतं हे तिला इतकं पाठ झालं होतं की टाकीत तेवढं नसेल तर ती पोल उचलूच द्यायची नाही. राख भिजली आणि धुवायच्या आत पाणी संपलं तर काच आधीपेक्षा घाण दिसते. पावसाळ्यात ती छपराचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवायची, कारण त्याचा आकडा मुळातच कमी. उन्हाळ्यात टाकीवर ओलं पोतं. शेजारणीनं त्या ड्रममध्ये लोटा घातला तर हिचा पट्टा सुरू: "बाई, हे प्यायचं पानी नोहे, काचेचं आहे!" मला सांगायला हरकत नाही, माझ्या वर्गात एकही विद्यार्थी असा निघाला नाही.

आता ते सांगतो जे सांगायला जीव धजत नाही.

एका दुपारी तो मण्यांची पिशवी न्यायला प्रयोगशाळेत आला. मी पुढच्या तासासाठी नेहमीचा प्रयोग मांडत होतो. पेल्यात दोन कांड्या, त्यांना जोडलेला बल्ब. पेल्यात शुद्ध पाणी असलं तर बल्ब लागत नाही, चिमूटभर मीठ टाकलं की लागतो. टेकचंद म्हणाला, "माह्या टाकीचं टाकून पाह्य ना." त्याच्या कॅनमधलं पाणी ओतलं. बल्ब लागला नाही. मग मीठ टाकलं, भक्कन लागला. त्यानं टाळीच वाजवली. "म्हंजे शून्याच्या पान्यातून करंट जात नाही?" मी ऐटीत म्हणालो, "एकदम शुद्ध असेल तर जवळजवळ नाहीच. पण..." आणि तासाची घंटा झाली. पोरं आत घुसली. तो पिशवी खांद्यावर टाकून निघालासुद्धा. त्या 'पण'च्या पुढे पुष्कळ होतं. हे पेल्यातलं झालं, बाहेरचं वेगळं. राखेला लागलं की पाणी शुद्ध राहत नाही. विजेच्या मोठ्या लाइनपुढे पेल्यातला बल्ब म्हणजे पोरखेळ. हे सगळं मी नंतर सांगीन म्हणालो, मनातल्या मनात. नंतर म्हणजे कधी, ते काही ठरवलं नाही.

त्या दिवसापासून तो धीट होत गेला. आधी तारा दिसल्या की तो ते काम सोडून द्यायचा. मग तारांच्या बाजूच्या दोन खिडक्या सोडून बाकीच्या धुऊ लागला. मग त्या दोन खिडक्याही... कामठ्याला पोरासोरांना गोळा करून त्यानं माझ्या बल्बची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. 'आपल्या मास्तरनं करून दाखवलं' हे शेवटी यायचंच. सारं गाव मानू लागलं की टेकूच्या पाण्यातून करंट जात नाही. एकदा मी स्कूटरवरून परीक्षेच्या ड्यूटीवर जात होतो. एका नर्सिंग होमपाशी तो दिसला. पोलाचं टोक तारेपासून हातभर अंतरावर हलत होतं. मी ओरडलो, "अबे, दूर राह्य!" तो वळला, दात काढले, आणि टाकीकडे बोट दाखवून म्हणाला, "शून्य आहे ना मास्तर!" वनितावहिनीनंही तिकडून मीटर उंच करून दाखवलं. मला उशीर होत होता. "सांभाळून रे," म्हटलं आणि गाडी काढली. आज वाटतं, स्कूटर तिथेच आडवी टाकून त्याच्या हातातला पोल हिसकावून घ्यायला पाहिजे होता. परीक्षेची ड्यूटी! मेली ती ड्यूटी.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अजून राहिलीच. तो काळा पोल कार्बनचा होता. हलका असतो म्हणून त्यानं मुद्दाम तो घेतला होता. कार्बनमधून वीज जाते हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो, खाली रेघ मारतो, परीक्षेत विचारतो. तोच कार्बन माझ्या मित्राच्या दोन्ही हातांत वर्षानुवर्षं होता, मी त्याला हात लावून 'वा, काय हलका आहे' म्हटलं होतं, आणि माझ्या टाळक्यात एकदाही प्रकाश पडला नाही. आम्ही दोघंही पाण्याकडेच पाहत राहिलो.

त्या दिवशी एका कोचिंग क्लासची मागची बाजू होती. मागून मोठी लाइन गेलेली. उन्हाळा, बोअरला धार नाही, टाकी पुरती भरली नव्हती. वनितावहिनीनं गेल्या पावसाळ्याचं राखून ठेवलेलं दोन बादल्या पाणी गाळणीतून घातलं. त्यानं हाक दिली, "आकडा?" तिनं पाहिलं आणि सांगितलं, "शून्य!" त्यानं पोल उचलला.

तेरवीला मी कामठ्याला गेलो. मांडवात बाया बोलत होत्या ते कानावर आलं. वनितानं पाण्यात गडबड केली. टाकी भरत नव्हती म्हणून बोअरचं पाणी घातलं आणि शून्य सांगितलं. टेकचंदची आई, जिच्या हातचं मी लहानपणी खाल्लंय, सुनेकडे पाहत सगळ्यांसमोर म्हणाली, "एक काम होतं हिच्याकडं. पान्याचं. तेवढं नाही झालं हिच्यानं." वनितावहिनी खाली मान घालून पत्रावळी उचलत होती. तिनं वर पाहिलं, सरळ माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हाच उभं राहून बोलायला पाहिजे होतं. मी पाण्याचा पेला उचलला, प्यायलो, आणि शेवटची बस जाईल म्हणून उठून आलो. भित्रा माणूस आहे मी, आज कबूल करतो.

त्यानंतर आठवड्याभरानं ती कॉलेजात आली. एका हातात वीस लिटरचा कॅन, दुसऱ्यात मीटर. प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन्ही ठेवून म्हणाली, "सर, टाकीत उरलं होतं ते पानी हे, तवाच काठोकाठ भरून झाकन लावलं. तुम्ही शिकलेले आहा, पाहून सांगा. मीटर खोटा तं नव्हता? मी चुकीचा वाचला का जी?" माझ्यानं तिच्याकडे पाहवेना. मीटर बुडवलं. शून्य. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या मीटरनंही पाहिलं. शून्यच. मी म्हणालो, "वहिनी, तुमचा आकडा बरोबर होता. पाणी चांगलं होतं. पाणी कसंही असतं तरी तो वाचला नसता. तो पोलच करंट ओढणारा होता, आणि हे मला माहीत असायला पाहिजे होतं. बल्ब दाखवला तेव्हा मी त्याला अर्धंच सांगितलं."

ती बराच वेळ कॅनच्या झाकणावर बोट फिरवत राहिली. "म्हंजे मी बरोबर सांगतलं होतं," ती स्वतःशीच बोलली. मग मान वर केली. "मंग तुम्ही अर्ध्यातच कायले थांबले जी?"

मी म्हणालो, "घंटा झाली होती."

"घंटा..." ती एवढंच म्हणाली आणि पदर सावरून उठली. कॅन नेला नाही. दारातून वळून म्हणाली, "हे घरात नाही ठेवू शकत मी. आणि सर, मले सांगून काय होते? कामठ्यात सांगा."

म्हणून हे लिहितोय. आमच्या गावात रविवारची पुरवणी चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचली जाते, ती कोण वाचतं आणि कोण ऐकतं हे मला ठाऊक आहे. टेकूच्या आईनं ऐकावं. पाणी शुद्ध होतं. वनितानं सांगितलेला आकडा खरा होता. तिच्याकडे असलेलं काम तिनं शेवटपर्यंत चोख केलं. चूक झाली ती माझ्या हातून, आणि तीही खडू हातात असताना. येत्या रविवारी मी स्वतः येतोय, तोंडानंही सांगीन.

तो कॅन प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आहे. झाकण घट्ट, माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. तरी एकदा उघडलं की शुद्ध पाणी शुद्ध राहत नाही, मीटर बुडवताना आत शिरणाऱ्या थोड्याशा हवेतूनही ते काही ना काही ओढून घेतं. पहिल्या दिवशी आकडा शून्य होता. मग दोन झाला. काल चार. ही गोष्टही मी टेकचंदला कधी सांगितली नव्हती. दर दोन-तीन दिवसांनी कॉलेज सुटायच्या वेळी वनितावहिनीचा फोन येतो. नमस्कार नाही, कसे आहा नाही. ती फक्त विचारते, "आकडा?" मी कॅनपाशी जातो, मीटर बुडवतो, आणि जो असेल तो सांगतो.